दाखला दिल्यानंतर

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीवर मी बोलावे, अशी महोत्सव समितीची सूचना होती. परंतु तो इतिहास माझ्याहून अधिक अधिकाराने सांगू शकतील अशी ज्येष्ठ मंडळी समोरच बसली आहेत. वादळात पत्रे उडाले त्या पावसाळ्यात देवळाच्या ओवरीत भरलेले वर्ग ज्यांनी पाहिले, त्यांच्यापुढे मी काय इतिहास सांगावा? म्हणून समितीच्या परवानगीने मी निराळा विषय निवडला आहे. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यानंतर आपल्या मुलांचे काय होते, आणि तो दाखला देण्यापूर्वी व दिल्यानंतर आपण काय करू शकतो, हा तो विषय.

कार्यालयाबाहेरील फलकावर दहावीच्या निकालाची टक्केवारी आपण दरवर्षी लिहितो, आणि ती दोन दशांश स्थळांपर्यंत लिहितो. मात्र त्याच मुलांपैकी दिवाळीच्या सुट्टीत अकरावीत कोण टिकून आहे, कोणी शाखा बदलली, कोण परत येऊन वडिलांच्या दुकानात बसले, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नसते. खाते ती मागत नाही, म्हणून शाळा ती ठेवत नाही. गेली काही वर्षे आम्ही शिक्षकांनी अशी एक वही चालू केली आहे. साधी दोनशेपानी वही आहे. दिवाळीच्या सुट्टीत वर्गशिक्षक घरोघर फोन करतात आणि त्या वहीत चार ओळी लिहितात. त्यातील आकडे मी येथे सांगणार नाही. लहान गावातील शाळेचे आकडे उघड केले की माणसे ओळखू येतात. परंतु त्या वहीतील कारणांचा रकाना वाचण्यासारखा आहे. अभ्यास झेपत नाही असे तेथे क्वचितच लिहिलेले सापडते. ‘कळेना’, ‘विचारता येईना’, ‘कागद अपुरा पडला’, ‘शेवटची गाडी चुकते’, ‘करमेना’ असे शब्द पुन्हापुन्हा येतात. आजचे माझे बोलणे या शब्दांभोवतीच आहे.

येथे ज्येष्ठांना एका बदलाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९६५ साली शाळा सुरू झाली तेव्हा अकरावी मॅट्रिक होती. अकरा वर्षे शाळेत काढून विद्यार्थी थेट महाविद्यालयात जात असे. कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर नवा आकृतिबंध आला आणि महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. तेव्हापासून आपले मूल शाळेचे दार एक वर्ष आधी ओलांडते आणि पुढील दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालय नावाच्या जागेत घालवते. ती जागा धड शाळा नाही आणि धड महाविद्यालयही नाही. एका वर्गात शंभराच्या घरात मुले. नावाने ओळखणारे कोणी नाही. अलीकडे तर कित्येक ठिकाणी नाव महाविद्यालयात आणि मूल दिवसभर खाजगी शिकवणीत. ज्या वयात मुलाला कोणी तरी ओळखीचे जवळ हवे असते, नेमक्या त्याच वयात ते अनोळखी गर्दीत उभे राहते. आपली शाळा दहावीपर्यंतच आहे, त्यामुळे हे अंतर आपल्या मुलांना अधिकच जाणवते.

‘कळेना’ या शब्दापासून आरंभ करते. आपल्या मुलाने प्रकाशाचे परावर्तन, अपवर्तन आणि अपस्करण दहावीपर्यंत मन लावून शिकलेले असते. अकरावीत अध्यापक फळ्यावर ‘रिफ्रॅक्शन’ लिहितात आणि मुलाला वाटते, हा काही नवाच विषय निघाला. वस्तुतः ज्ञान जुनेच असते, केवळ त्याचे नाव बदललेले असते. पण हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जडत्वाचे ‘इनर्शिया’ होते, संवेगाचे ‘मोमेंटम’, परासरणाचे ‘ऑस्मॉसिस’, उत्प्रेरकाचे ‘कॅटॅलिस्ट’. दोन महिन्यांत अशा नव्या नावांचा ढीग साचतो आणि वर्गात पहिला-दुसरा येणारा मुलगा स्वतःला मठ्ठ समजू लागतो.

यावर सर्व वर्ग सेमी-इंग्रजी करून टाका, असे सुचवणारे पालक आज येथेही असतील. आपल्याकडे ती तुकडी आहेच. तिच्यातील मुलांना संज्ञा ठाऊक असतात, हे खरे. परंतु त्या संज्ञेचा अर्थ विचारला तर त्यांतील कित्येक अडखळतात, हेही मी वर्गात रोज पाहते. ‘त्वरण’ या शब्दात त्वरा ऐकू येते आणि ‘जडत्व’ म्हटले की जड वस्तू हलवतानाचा अनुभव आठवतो. ‘अ‍ॅक्सिलरेशन’ हा शब्द आपल्या मुलाला असे काहीच सांगत नाही, तो केवळ पाठ करावा लागतो. म्हणून माझे मत असे, की समज मराठीत पक्की व्हावी आणि नाव दोन्ही भाषांत ठाऊक असावे. त्यासाठी नववीपासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे जोडशब्दांची एक वही असते. डाव्या पानावर मराठी संज्ञा, उजव्या पानावर इंग्रजी, आणि खाली स्वतःच्या शब्दांत एक वाक्य. ते वाक्य पुस्तकातून उतरवलेले चालत नाही. मार्चमध्ये मंडळाची परीक्षा संपली की अकरावी सुरू होईपर्यंतचा काळ बहुतेक घरांत मोबाइलवर वाया जातो. त्यातील एप्रिलचे तीन आठवडे सकाळच्या वेळी आम्ही वर्ग घेतो आणि प्रश्नपत्रिकेची भाषा शिकवतो. ‘डिफाइन’, ‘स्टेट’, ‘डिराइव्ह’, ‘डिस्टिंग्विश’, ‘जस्टिफाय’ हे शब्द दिसले की उत्तरात नेमके काय लिहायचे, व्याख्या, विधान, सिद्धता, फरक की कारण, हे कळले म्हणजे अर्धी भीती जाते. त्याच काळात पालक मोठ्या हौसेने मुलाला ‘स्पोकन’च्या वर्गाला घालतात. मूल ‘हाऊ डू यू डू’ म्हणायला शिकून येते. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत त्याला तो प्रश्न कोणीही विचारत नाही.

भाषेविषयी आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावाचून चुकीचे निर्णय होतात. मराठी माध्यमातून शिकले म्हणजे पुढचे सारे दरवाजे बंद, ही समजूत खोटी आहे. आणि आता सगळीकडे मराठी चालते, ही नवी समजूतही तितकीच खोटी आहे. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा आणि अभियांत्रिकीची जेईई मेन या परीक्षा इतर भारतीय भाषांबरोबर मराठीतही देता येतात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ मध्ये सुरू झालेली सामायिक परीक्षाही मराठीतून देता येते. परंतु आयआयटीसाठी जी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते ती फक्त इंग्रजी व हिंदीत असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट केवळ इंग्रजीत होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला, पण तिची लेखी परीक्षा इंग्रजी आणि हिंदीतच. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र या दोन भाषांतच येते. हा नकाशा नववीतच मुलांसमोर टांगला पाहिजे. कोणत्या वाटेवर कोणती भाषा लागते हे ठाऊक असले, तर तयारीला तीन वर्षे मिळतात. ते बारावीच्या डिसेंबरात कळले, तर उरतो केवळ पश्चात्ताप.

आता दुसरा शब्द, ‘विचारता येईना’. माझ्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्याचा उगम महाविद्यालयात नाही. तो आपल्या घरांत आणि आपल्या वर्गांत आहे.

आपला एक विद्यार्थी शहरात अकरावी विज्ञानाला गेला. प्रात्यक्षिकांसाठी गट पाडले होते आणि गटांची यादी कोठल्या तरी फलकावर लावली होती. तो फलक कोठे असतो हे त्याला ठाऊक नव्हते. तीन आठवडे तो प्रयोगशाळेत गेलाच नाही. गैरहजेरीची चिठ्ठी घरी आली तेव्हा प्रकरण उघडकीस आले. “अरे, कोणाला तरी विचारायचंस ना,” असे मी म्हटले, तेव्हा तो म्हणाला, “बाई, इंग्रजीत कसं विचारायचं ते मनात जुळवत होतो. ते जुळेपर्यंत तास संपायचा.” त्या महाविद्यालयातील त्याचे अध्यापक मराठीच बोलणारे होते! त्यांना मराठीत विचारले असते तर त्यांनी मराठीत सांगितले असते. पण मुलाने गृहीत धरले, की येथे आपली भाषा चालायची नाही. आणि मग तो केवळ इंग्रजीत नव्हे, तर सर्वच भाषांत मुका झाला.

मोठ्यांना उलट विचारू नये, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. वर्गातही हात वर करणाऱ्यापेक्षा मान डोलावणारे मूल आपल्याला गुणी वाटते. गावात हे चालून जाते, कारण येथे मुलाचा चेहरा पाहून विचारणारे कोणी तरी असते. परक्या शहरात, शंभरांच्या वर्गात, चेहरा पाहणारे कोणी नसते. तेथे न विचारणारा मुलगा नम्र समजला जात नाही; तो आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून नववी-दहावीचा शुक्रवारचा शेवटचा तास आम्ही ‘विचारण्या’साठी ठेवला आहे. प्रारंभी काही पालकांनी तक्रार केली, की मुले तासाला बाहेर भटकतात. ती भटकत नाहीत. दोघादोघांच्या जोडीने ती टपाल कार्यालयात, बँकेत, तलाठी कार्यालयात, एसटीच्या आगारात जातात आणि ठरलेला एक प्रश्न विचारून येतात. उत्पन्नाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात? अठरा वर्षांखालील मुलाचे खाते कसे उघडतात? खिडकीवर उत्तर देणाऱ्याचे पद काय, त्याने काय सांगितले, कोणता कागद मागितला, हे परत येऊन लिहायचे असते. पहिल्यांदा बहुतेक मुले हात हलवत परत येतात. ‘नंतर या’, ‘मोठ्या माणसाला पाठवा’, असे ऐकून येतात. तेच आम्हांला हवे असते. दोनदा नकार ऐकूनही तिसऱ्या खेपेस शांतपणे पुन्हा विचारता येणे, हे कौशल्य कोणत्याही विषयाच्या पाठ्यपुस्तकात नाही आणि महाविद्यालयात पहिल्याच दिवशी ते लागते. गेल्या वर्षी एका मुलीने बँकेत जाऊन आपल्या शिष्यवृत्तीचे पैसे का आले नाहीत ते स्वतः शोधून काढले. खाते आधारशी जोडलेले नव्हते, एवढेच. त्यासाठी तिच्या वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवली होती.

कागदांविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. पालकांना ते रूक्ष वाटले तरी चालेल. वहीतील ‘कागद अपुरा पडला’ या तीन शब्दांमागे एकेका मुलाचे अख्खे वर्ष गेलेले आहे.

पहिली गोष्ट नावाची. जन्मदाखला, आधार, शाळेची सर्वसाधारण नोंदवही आणि मंडळाचे प्रमाणपत्र या चारही ठिकाणी मुलाचे नाव इंग्रजीतही एकाच पद्धतीने लिहिलेले हवे. एका ठिकाणी ‘दीपाली’ एका ‘आय’ने आणि दुसऱ्या ठिकाणी दोन ‘ई’ने, एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, अशी तफावत शिष्यवृत्तीच्या अर्जात यंत्राला कळत नाही, ते अर्ज नाकारून मोकळे होते. आमच्या नोंदवहीतील दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत तुलनेने सोपी असते. दाखला गेल्यानंतर ती फार जिकिरीची होते. म्हणून दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी, नववीतच, चारही कागद एकापुढे एक मांडून तपासावेत.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते एका दिवसात मिळत नाही. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली कागद शोधावे लागतात. बारावीच्या निकालानंतर ते शोधायला निघालेल्या कुटुंबाची जी धावपळ होते ती मी जवळून पाहिली आहे. या शाळेच्या १९६५ पासूनच्या नोंदवह्या कपाटात व्यवस्थित आहेत. ज्यांचे वडील वा आत्या येथे शिकल्या, त्यांनी निःसंकोच यावे आणि उतारा घेऊन जावा. उन्नत गट वगळल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, ही कामेही अकरावीच्या सुट्टीत उरकावीत.

तिसरी गोष्ट अनेकांना क्षुल्लक वाटेल. प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आपण सायबर कॅफेत भरतो. घाईत त्या दुकानदाराचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल अर्जात जातो, परवलीचा शब्दही त्याच्याच वहीत राहतो. पुढे जागा मिळाल्याचा संदेश येतो तो त्याच्या फोनवर. त्याच्याकडे असे शेकडो अर्ज; तो कोणाकोणाला कळवणार? प्रवेशफेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती ठरलेल्या मुदतीत निश्चित करावी लागते. मुदत टळली की हाती आलेली जागा जाते. अर्ज मुलाने स्वतःच्या हाताने भरावा, क्रमांक घरातला असावा, पसंतीक्रमाची यादी आधी कागदावर लिहून घरात सर्वांनी वाचावी. दहावीच्या संगणकाच्या तासाला आम्ही अशा अर्जाचा सराव करून घेतो. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो. वाटू द्या.

पैशाविषयी थोडक्यात सांगते, कारण येथे अज्ञान गरिबीपेक्षा अधिक नुकसान करते. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेत निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला, तर २०२४ पासून महाराष्ट्रात शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे ठाऊक नसल्यामुळे ‘मुलीला अभियांत्रिकी परवडणार नाही’ म्हणून तिला जवळच्या कोणत्याही शाखेत घालणारे पालक मला याही वर्षी भेटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारणाविना कर्ज मिळते. घर वा जमीन गहाण टाकण्यापूर्वी याची चौकशी करावी. पुण्याच्या विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे. तेथे काम करण्यात कोणताही कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हातांच्या कष्टावर शिकण्याची जी परंपरा या मातीत रुजवली, तिचाच तो वारसा आहे.

आणि दहावीनंतर विज्ञान शाखाच, हा हट्ट आता सोडावा. तीन वर्षांची तंत्रनिकेतनातील पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला मुलगा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेत कारखान्यात शिकतो. या मेळाव्याच्या मंडपाची वीजजोडणी ज्याने केली, तो आपलाच विद्यार्थी आहे आणि त्याच्याकडे आज चार माणसे कामाला आहेत.

‘शेवटची गाडी चुकते’ हे कारण वहीत जवळजवळ केवळ मुलींच्या नावांपुढे आहे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे. प्रश्न पैशाचा नाहीच. प्रात्यक्षिक साडेपाचला संपते आणि आपल्या बाजूची शेवटची गाडी सव्वापाचला सुटते. एखादी मुलगी दोनदा उशिरा घरी येते, शेजारीपाजारी बोलू लागतात, आणि तिसऱ्या महिन्यात ‘आता पुरे’ असा निर्णय होतो. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची पत्रिका शाळेत येते. पंधरा मिनिटांच्या फरकाने एका मुलीचे शिक्षण संपावे, हे मला सहन होत नाही. गेल्या वर्षी दोन्ही बाजूंना पत्रे लिहिली. महाविद्यालयाने मुलींचा गट दुपारच्या पहिल्या सत्रात घेतला. गाडीची वेळ मात्र अद्याप बदललेली नाही. एसटीत अधिकारपदावर असलेले आपले दोन माजी विद्यार्थी आज उपस्थित आहेत, असे मला कळले आहे. त्यांना मी जेवणानंतर भेटणार आहे.

‘करमेना’ या शब्दाला आपण हसतो. “चार दिवस रडेल, मग रुळेल,” असे म्हणतो. बहुतेक रुळतात, हे खरे. पण वसतिगृहात गेलेल्या मुलाचा आवाज फोनवर महिनाभर एकसारखा उतरलेला लागला, तर ते केवळ घरची आठवण असते असे समजू नये. कोणी छळत असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगविरुद्ध कारवाई करणे संस्थेला बंधनकारक आहे आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. मनावर ओझे असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हे दोन्ही क्रमांक आम्ही दहावीच्या निरोपपत्राच्या मागील बाजूस छापतो. त्याबरोबर मुलांना आणखी एक गोष्ट सांगतो, की अठरा पूर्ण झाली की कायद्याने तुम्ही सज्ञान. मग तुमची सही ही तुमची जबाबदारी. मित्राच्या कर्जाला, भाडेकरारावर, मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अर्जावर, वाचल्याशिवाय ती करू नये.

आता माजी विद्यार्थ्यांशी थोडे बोलते.

हीरक महोत्सवाची आठवण म्हणून प्रवेशद्वाराशी दगडी कमान उभारावी, असा प्रस्ताव माजी विद्यार्थी संघाने आणला आहे. त्यामागील प्रेमाविषयी मला आदर आहे. कमान सुंदरच दिसेल. परंतु कमानीखालून बाहेर पडणाऱ्या मुलाला त्या कमानीचा फाटकाच्या पलीकडे काही उपयोग नाही, हे मी समितीच्या बैठकीत स्पष्टपणे बोलले आणि आजही बोलते. आपण आज पुणे-मुंबईपासून बंगळूर, हैदराबाद, सुरत, दिल्लीपर्यंत पसरला आहात. आपल्यांपैकी कित्येक जण भाषा येत नसताना परक्या शहराच्या स्थानकावर एकटे उतरलेले आहात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील मुलांसाठी असतात. उरलेल्या निम्म्या देशभराच्या मुलांसाठी खुल्या असतात. आपली मुले तिकडे अर्जच करीत नाहीत, कारण वारंगळला वा सुरतकलला जाऊन राहिलेले ओळखीचे माणूस त्यांना ठाऊक नसते. ते माणूस या मंडपात बसलेले आहे.

म्हणून माझी मागणी पैशाची नाही. अकरावीच्या पहिल्या सत्रापुरते, म्हणजे प्रवेशापासून दिवाळीपर्यंत, एका मुलाची सोबत करावी. पंधरा दिवसांतून एक फोन. कोणती शाखा घ्यावी, हा उपदेश नको. तो त्याला चोहोकडून मिळतच असतो. इतकेच विचारावे, की वर्ग सापडला का, कोणाशी ओळख झाली का, कोणता कागद अडला आहे का, आणि या आठवड्यात तू कोणाला काय विचारलेस. पैसे देऊ नयेत. पैशाची अडचण कळली तर शाळेला कळवावे. पहिला फोन पालकांच्या क्रमांकावर करावा, म्हणजे घरात शंका राहत नाही. मुलींची सोबत ताईंनीच करावी, असा नियम आम्ही ठेवला आहे. ‘आमची मुलं इंग्रजी शाळेत शिकली, आम्हांला आता इकडचं काय ठाऊक,’ असे काही जण संकोचाने म्हणाले. त्यांनी तो संकोच ठेवू नये. आपली मुले कोठे शिकली हे ही शाळा विचारत नाही. आपण येथे शिकलात, एवढे तिला पुरेसे आहे.

नोंदीची वही ग्रंथालयातील लांब टेबलावर ठेवली आहे. तीत नाव, सध्याचे गाव, व्यवसाय आणि आठवड्यात कोणत्या वेळी फोन उचलता येईल, एवढेच लिहायचे आहे. या वर्षी दहावीला बसणाऱ्या ज्या मुलांनी सोबत हवी असे स्वतःहून लिहून दिले, त्यांच्या चिठ्ठ्या आमच्या ग्रंथपाल बाईंकडे आहेत. काल संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या वहीतील नावांपेक्षा बऱ्याच अधिक होत्या. पंगत एक वाजता बसेल. त्याआधी कृपया तिकडे जाऊन यावे.